येसूबाईसाठी इअरफोन

पवन ओव्हाळच्या तोंडून वाईट बातमी आजवर कुणी ऐकलेली नाही. नात्यातलं कुणी वारलं तर तो फोनवर 'तब्येत जरा जास्त आहे, लगेच निघा' एवढंच म्हणायचा आणि पुढचं सांगायचं काम दारातल्या गर्दीवर सोपवायचा. कंपनीत हाताखालच्या पोराची रजा नामंजूर झाली की रजेचा कागद त्याच्या पिशवीत गुपचूप सरकवून हा चहाला पसार. त्याची बायको चैताली म्हणायची, "तुम्हाला कुणाला नाही म्हणायचं असलं की आदल्या दिवशीच कणकण येते." लोक मात्र त्याला भला माणूस म्हणत. भला तो होताच. पण भलेपणा आणि भित्रेपणा एकाच दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात, लांबून बघणाऱ्याला कुठला कुठला ते कळत नाही.

दिवसा तो नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे दिवे तपासायचा. उरलेला सगळा जीव कीबोर्डमध्ये. 'येसूबाई आणि पार्टी' या गायन पार्टीत तो वाजवायचा. जयंती असो, कुणाचा गृहप्रवेश असो, नाहीतर कुणी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, पूर्व मावळात बौद्ध वस्ती आहे आणि तिथं येसूबाई गायली नाही, असं गाव शोधून सापडलं नसतं.

येसूबाई सुदुंबऱ्याची. शेतात मजुरी केली, मग एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली, आणि सगळा वेळ गात राहिली. नवरा बाजीराव ढोलकीवर. पेटीवर पवनचा बाप, महिपती. महिपती गेला तेव्हा पवन दहावीत होता. पुण्यानुमोदन उरकलं त्याच आठवड्यात येसूबाई त्यांच्या घरी आली, कोपऱ्यातली पेटी ओढून तिनं पोराच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "बस." त्याला धड चार गाणी वाजवता येत नव्हती. तरी तिनं बापाचा पुरता वाटा पोराच्या हातावर ठेवला, आणि कार्यक्रमाची सुपारी द्यायला येणाऱ्यांना 'आमचा पेटीवाला' म्हणून सांगितलं. ते त्याची आई मरेपर्यंत सांगत राहिली, आणि त्यानंही कधी विसरायचा प्रयत्न केला नाही.

त्या काळात येसूबाईला 'काळी पाच' म्हणत. काळी पाच म्हणजे पेटीवरची उंच पट्टी, भल्याभल्या बायका तिच्या वाटेला जात नाहीत. येसूबाई त्या पट्टीत उभी राहून गायची आणि माईकवाला ओरडायचा, 'मावशी, दोन पावलं मागं.' तिला या नावाचा अभिमान होता. साठी उलटली, गळा थकला, पण पट्टी उतरवायचं नाव कुणी काढायचं नाही. मग पवननंच मार्ग काढला. पेटी जाऊन कीबोर्ड आला होता, आणि कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात, सूर मात्र खाली उतरतो. दर एक-दोन वर्षांनी पवन ते बटण हळूच एकदा दाबायचा. येसूबाई वाकून बघायची, तर बोट काळी पाचवर. ती समाधानानं गायला लागायची. मिक्सरवर थोडा इको चढवला की बाकीचंही झाकून जायचं. या फसवणुकीचं पवनला कधी वाईट वाटलं नाही. उलट आपण म्हातारीला सांभाळून घेतो, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

पण झाकून झाकून किती झाकणार? मागच्या जयंतीला वरच्या सुराला तिचा आवाज फाटला आणि पुढच्या रांगेतली पोरं हसली. येसूबाईला ते कळलं नाही. मोठमोठे बॉक्स दणाणत होते, त्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, तर पोरांचं हसणं कुठलं? पवनला मात्र ऐकू आलं, आणि त्याची मान खाली गेली.

यंदा मार्चात जयंती मंडळाचा अध्यक्ष सत्यम कंपनीच्या गेटवर येऊन भेटला. चांगला शिकलेला, आदबीनं बोलणारा मुलगा.

"दादा, यंदा पायलला पुढं घ्या," तो म्हणाला. "मावशींचा मान आहेच. वंदनगीत त्यांचंच. पण बाकीचा प्रोग्राम पायल करेल. मागच्या वर्षी पोरं हसली, ते तुम्हीही बघितलंत. आपल्याच माणसाचं हसं झालेलं बरं दिसत नाही."

"सांगतो," पवन म्हणाला.

"तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं त्या मनावर घेणार नाहीत."

पायल लोणावळ्याची. कॉलेजात शिकणारी, तयार गळ्याची मुलगी. मोबाईलवर तिची गाणी लोक वाटत सुटायचे. तिनं पवनला दोनदा विचारलं होतं, 'दादा, चाल तुमची, आवाज माझा, असं एखादं करूया ना.' पवनला ते मनातून फार हवं होतं. वीस वर्षं तो दुसऱ्याच्या गाण्यामागं बसला होता, आपल्या चाली वहीतच राहतील असं त्यानं गृहीत धरलं होतं. सत्यमच्या बोलण्यात त्याला म्हातारीची काळजी दिसली, आणि त्या काळजीच्या आडोशाला स्वतःची सोयही दिसली. हे त्यानं त्या वेळी कबूल केलं नाही.

सांगायचं ठरवून तो सुदुंबऱ्याला गेला, भाकरी-कालवण खाऊन परत आला. पुन्हा गेला, पुन्हा जेवून आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा येसूबाईच बोलली. टीव्हीवर कुठला तरी गाण्याचा कार्यक्रम चालला होता.

"पवन, ह्या पोरी गाताना कानात काय घालतात रं?"

"इअरफोन, मावशी. त्यांचा त्यांना आवाज ऐकू येतो त्यात. भवतीचा गलका आत शिरत न्हाई."

"मला आण की एक. त्या बॉक्सांच्या दणक्यात मी कुटं गाती, मलाच कळत न्हाई."

तर हे असं. मागणी तिचीच होती. पुढं कितीतरी दिवस पवन स्वतःला हेच बजावत राहिला, की मागितलं तिनंच.

लोणावळ्यात बाजाराच्या गल्लीत पप्पूचं मोबाईलचं दुकान आहे. पप्पू पवनचा शाळेतला सोबती. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं फिरायला येतात, घाईत इअरफोन घरी विसरतात, आणि गाण्यांवाचून त्यांना धुकंसुद्धा गोड लागत नाही. त्यांच्या विसरभोळेपणावर पप्पूनं दुकान वाढवलं होतं. सुट्टीच्या दिवशी पवन मोटारसायकल काढून तिथं पोचला.

"वायरवालेच दाखव," तो म्हणाला. "बिनवायरच्यात आवाज मागाहून येतो. गाणारा पुढं आणि कान मागं."

"बजेट?"

"हजाराच्या आसपास. पण आवाज चांगला पाहिजे."

"आता हजारात जे मिळतं ते पूर्वी दहा हजारांत मिळत नव्हतं," पप्पू म्हणाला, आणि त्यानं काचेवर चार जोड्या मांडल्या. प्रत्येकीची रबरी बोंडं तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून द्यायचा. दुकान छोटं असलं तरी या बाबतीत माणूस सोवळा.

दिवे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला घाई नव्हती. बोंडांची तीन मापं असतात. बोंड कानात नीट बसलं नाही तर खालचे सूर गळून जातात आणि माणूस बिचाऱ्या इअरफोनला नावं ठेवतो. पवननं प्रत्येक जोडीला आधी आपल्या कानाचं माप बसवलं, आवाज सगळ्यांचा सारखा ठेवला, आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा ऐकले. एक नुसत्या ढोलकीचा, एक सिनेमातल्या गाण्याचा, आणि एक येसूबाईचा, मागच्या जयंतीला थेट मिक्सरमधून घेतलेला. त्यात इको नव्हता आणि गर्दीही नव्हती.

पहिल्या जोडीत ढोलकी अशी घुमली की पिंपात बसल्यासारखं वाटलं. दुसरीत झांज कानाला चावायला लागली. दोन्ही बाजूला गेल्या. उरल्या एक तपकिरी आणि एक निळी. किंमत जवळपास सारखी, मजबुतीही सारखी.

तपकिरी जोडीत येसूबाई गायला लागली आणि पवन चकित झाला. आवाजाला अंग आलं होतं. जिथं तो कापत होता तिथं खालचे सूर त्याला धरून ठेवत होते. दहा वर्षांपूर्वीची बाई समोर उभी होती. मग त्यानं निळी जोडी घातली. निळीत सगळं वेगवेगळं ऐकू आलं. ढोलकीच्या शाईवरची थाप वेगळी, काठावरची चाट वेगळी, आणि येसूबाईचा गळा एकटा. श्वास कुठं तुटला, शब्दाचं शेपूट कुठं गिळलं, वरच्या सुराला जाताना गळा कुठं घसरला आणि घसरलेला झाकायला ती कुठं ओरडली, सगळं. पवननं अर्ध्यातच काढून ठेवली.

पप्पूनं दोन्ही ऐकल्या. "तपकिरी घे," तो म्हणाला. "मावशींसाठी ना? खूश होतील. निळी रेकॉर्डिंगवाले नेतात, चुका काढायला."

पवन दोन्ही जोड्या हातात घेऊन उभा राहिला. त्याला काय करायचंय ते त्याच क्षणी कळलं. जे त्याच्या तोंडातून निघत नव्हतं ते ही निळी जोडी परस्पर सांगणार होती. कुणाचा शब्द नको, कुणाचा वाईटपणा नको. म्हातारीनं आपलं आपण ऐकावं आणि आपण ठरवावं.

"निळी दे," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"खरा आवाज कळायला पाहिजे ना गाणाऱ्याला."

ही गोष्ट खरी होती, म्हणून तर ती इतक्या सहज बोलता आली. परत येताना कामशेतला तो चहाला थांबला. तो चहा त्याला कडू लागला. आपण वाईट काही केलेलं नाही, चांगल्यातली चांगली वस्तू घेतली, असं त्यानं मनाशी म्हणून बघितलं. घरी चैतालीनं खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलंत. मावशींसाठी एवढं हिंडून कुणी आणलं नसतं." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या सुट्टीला तो छोटा मिक्सर, माईक आणि लांब वायर घेऊन सुदुंबऱ्याला गेला. येसूबाई ओट्यावर वाटच बघत बसली होती. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, जणू कार्यक्रमच आहे. तिचे कान लहान, बुगडीची भोकं ओघळलेली. पवननं सगळ्यात बारीक बोंडं बसवली, कानाची पाळी हलकेच वर ओढली आणि इअरफोन आत सरकवले. तिनं डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरपुढं बसावं तशी ती त्याच्या स्वाधीन झाली होती.

"बोल काहीतरी, मावशी."

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे उघडले. "अगं बया. म्या हितं आतच बसलीय की."

ती हसायला लागली. तिनं बाजीरावाला ढोलकीवर एक थाप मारायला लावली, मग दुसरी. "तुमी नाकानं किती सूं सूं करता हो वाजवताना," ती म्हणाली, आणि म्हातारा लाजला. कोंबडीचं कॉक-कॉकसुद्धा माईकनं उचललं होतं, तेही तिला ऐकू आलं. इतक्या आनंदात पवननं तिला फार दिवसांत पाहिली नव्हती. अजून वेळ होता. पवननं तेव्हा मिक्सरवरचा इको चढवला असता तरी पुष्कळ झाकलं गेलं असतं. त्याचा हात त्या बटणापर्यंत गेला आणि मागं आला.

ती गायला लागली. आईवरचं तिचं ठेवणीतलं गाणं. खालच्या ओळी बऱ्या गेल्या. मग अंतरा आला, सूर वर गेला, आणि ती मध्येच थांबली.

"परत," ती म्हणाली.

परत तेच झालं. तिनं कानातलं एकदा चाचपलं. तिसऱ्यांदा ती ओळ तिनं हळू घेतली, अगदी जपून, आणि तरीही गळा त्याच जागी घसरला. बाजीरावाचे हात ढोलकीवर थांबले.

"पवन," ती म्हणाली, "ह्या यंत्रात बिघाड हाय का रं?"

आयुष्यभर खोटं बोलून लोकांना सांभाळणारा माणूस. 'हो मावशी, खराब निघालं, बदलून आणतो' एवढंच म्हणायचं होतं. असं तो कुणालाही, कधीही म्हणाला असता. पण तो म्हणाला, "न्हाई. यंत्र चांगलंय."

येसूबाईनं इअरफोन काढले. पदरानं पुसले, वायरची नीट घडी केली आणि खोक्यात ठेवले. मग तिनं पवनच्या डोक्यावर हात ठेवला.

"लय चांगली वस्तू आणलीस लेका. समदं ऐकू येतं. बरं झालं तू आणलीस, न्हाईतर मी अशीच लोकांम्होरं उभी ऱ्हात व्हते." आणि उठता उठता म्हणाली, "यंदा दुसरी पोरगी बघ. मी येणार न्हाई."

"वंदनगीत तरी, मावशी."

"न्हाई."

सुंठीवाचून खोकला गेला. सत्यमला आनंद झाला, पायलच्या तालमी सुरू झाल्या, पवननं एक चाल वहीतून बाहेर काढली आणि पायलनं ती झकास उचलली. कुणी कुणाला दुखावलं नव्हतं, निदान तसा पुरावा कुठं नव्हता. पण तो हात पवनच्या डोक्यावरून जाईना. दिवे तपासताना, जेवताना, पायल तान घेत असताना, तो हात तिथंच. कुणी कानफटात मारली असती तर ती दोन दिवसांत विसरली असती.

जयंतीला थोडे दिवस उरले असताना बाजीराव कंपनीच्या गेटवर आला. सुटी झाली तेव्हा तो बाहेरच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. एवढ्या उन्हात म्हातारा दोन गाड्या बदलून आला म्हणजे काहीतरी झालंय, हे पवनला लांबूनच कळलं. त्यानं त्याला टपरीवर नेऊन बसवलं.

"आबा, मावशी बरी हाय ना?"

"बरी हाय. जेवती, झोपती." बाजीराव चहाच्या ग्लासाकडं बघत म्हणाला, "गात न्हाई."

"प्रोग्रामला न्हाई म्हणाली व्हती..."

"प्रोग्रामचं सोड. घरात गात न्हाई. भांडी घासताना गायची, चुलीपाशी गायची. सकाळी वंदना घेताना आता नुसते व्हट हलवती. मी ढोलकी काढली तर म्हनाली, ठेवा ती. लगीन झाल्यापासून त्या बाईचा आवाज माझ्या घरात हाय, पवन. आता घरात बसवत न्हाई मला." त्यानं ग्लास बाजूला सरकवला. "दुकानात दुसरं मिळतं का रं एखादं? जरा खोटं बोलणारं?"

"मिळतं," पवन म्हणाला.

तो त्याच संध्याकाळी लोणावळ्याला गेला. पप्पूनं काही न विचारता तपकिरी जोडी काढून दिली. पप्पूलाही कधी कधी गप्प बसता येतं.

सुदुंबऱ्याला गेल्यावर येसूबाई आधी तयारच होईना. 'कशाला त्ये पुन्यांदा,' म्हणून तिनं आतलं काम काढलं. बाजीराव फक्त म्हणाला, "माझ्यासाठी एकदा." तेव्हा ती पदराला हात पुसत ओट्यावर आली. पवननं बोंडं बसवली. बाजीरावानं ढोलकी घेतली, अगदी हलक्या हातानं ठेका धरला. येसूबाई बराच वेळ नुसती ठेका ऐकत राहिली. मग तिनं तीच आईची ओळ म्हटली, आधी अर्धवट, मग पुरती. अंतरा आला. सूर वर गेला. तिचा चेहरा उजळलेला पवननं पाहिला, बाजीरावानंही पाहिला आणि त्याचा ठेका चुकला. पवनला वाटलं, सुटलो. आता सगळं जागच्या जागी येईल.

तिनं अंतरा संपवला आणि हात वर केला. ढोलकी थांबली.

"ह्यात मी बरी वाटते," ती म्हणाली.

"व्हय, मावशी. हेच ठेवू आता."

"हे नवं आलंय दुकानात, का तवाबी व्हतं?"

आता पुन्हा तीच जागा आली होती. 'नवं आलंय' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. त्यानं म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"तवाबी व्हतं."

"तू ऐकलं व्हतंस?"

"व्हय."

"माझंच गाणं घालून?"

"व्हय. दोन्हीत ऐकलं व्हतं."

"मग ते पयलं का आणलंस?"

पवननं सांगितलं. बोलायची सवय नव्हती, म्हणून सगळं वेडंवाकडं बाहेर आलं. सत्यम काय म्हणाला ते, पोरं हसली ते, पायल आणि चाल, तीनदा जेवून परत गेला ते. पप्पूनं तपकिरी घे म्हटलं तरी निळी घेतली, ती मुद्दाम घेतली, तू ऐकावंस म्हणून घेतली. आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून कीबोर्डच्या बटणाचंही सांगून टाकलं. काळी पाच नाही मावशी, कधीपासूनच नाही. बोलता बोलता तो रडायला लागला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"बटणाचं मला ठावं हाय," येसूबाई म्हणाली.

पवननं मान वर केली.

"गळा माझा हाय. पट्टी उतरल्याली गळ्याला कळत न्हाई व्हय? मी वाकून बघायचे, तू बोट धरून दावायचास, आन् मी गप बसायचे. ते तू माझ्यासाठी करत व्हतास. हे कुणासाठी केलंस?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "तुला सांगायची छाती नव्हती माझी."

तिनं कानातले काढले आणि त्याच्या हातात दिले. या वेळी पुसले नाहीत, घडी केली नाही.

"सांगायचं व्हतंस रं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तोंडानं सांगायचं व्हतंस. मी तुला शिव्या घातल्या असत्या. म्हनले असते, तुझं कान फुटलंत, त्या सत्यमचं कान फुटलंत. तुझ्या घरी येऊन चैतालीम्होरं भांडले असते, म्हैनाभर तुझं तोंड बघितलं नसतं. आन् तुझ्या नाकावर टिच्चून गात ऱ्हायले असते, हितं, ह्या घरात, मरस्तवर. माणसाचं बोलणं खोटं पाडता येतं, पवन. आता माझ्याच कानानं मला सांगितलंय. मी कुणासंगं भांडू?"